मंडळाची ताडपत्री

माटुंगा,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय कांताआत्या,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना जय भीम. चिठ्ठी राजादादाच्या हाती देतेय, कारण फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं. आणि दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की आधी वहिनी वाचते, मग पोरं वाचतात, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याची बातमी झालेली असते.

काम असं आहे. आमच्या ऑफिसचं कॅम्पिंग ठरलंय, बावीस-तेवीसला, कर्जतच्या पुढे एका धरणाच्या काठावर. तंबूत झोपायचं, शेकोटी करायची, स्वतःच रांधून खायचं. माझी रूममेट मेघना आमच्याच ऑफिसात आहे, तीच सगळं ठरवतेय. ती दर थंडीत जाते, त्यामुळे तिच्याकडे एकूण एक वस्तू आहे. डोक्याला बांधायची बॅटरी, झोपायची पिशवी, गुंडाळायची गादी, घाम लगेच वाळतो असले शर्ट. माझ्याकडे कॉलेजची सॅक आणि आईची शाल.

तंबू भाड्यानं मिळणार आहेत. बाकीचं सामान आपसात वाटून घेत होतो, जो तो हात वर करून सांगत होता, मी हे आणतो, मी ते आणते. सगळ्यांना एकत्र बसायला मोठी ताडपत्री हवी होती आणि ती कुणाकडेच नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे आहे." सगळे खूश झाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तर देशील का गं? चाळ पाडल्यापासून तुमच्या महिला मंडळाचं सामान तुझ्याच खोलीत आहे ना? सहा डिसेंबरच्या आत नक्की परत करेन. एखादी कोरी असेल तर उत्तमच, म्हणजे जिच्यावर काही लिहिलेलं नाही अशी. फोटोबिटो निघतात ना. लहान असली तरी चालेल. शिवाय काय न्यावं ते तूच सांग, मला तर सुचतच नाही.

आई-बाबा खेडला मजेत आहेत. बाबांनी परसात वांगी लावलीत आणि रोज त्यांचे फोटो पाठवतात.

तुझी,
प्रिती

—

नायगाव,
१८ नोव्हेंबर

चि. प्रिती,

जय भीम आणि खूप आशीर्वाद. चिठ्ठी वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. नायगावहून माटुंगा असं किती लांब आहे गं? मी स्वस्त भाजीसाठी त्याहून लांब जाते. पण तुम्ही मोठे लोक, तुम्हाला टपाल लागतं.

कॅम्पिंगचं ऐकून राजा हसला. म्हणाला, आई, आपण चाळ सोडल्यापासून या ट्रान्झिट कॅम्पात काय करतोय? पत्र्याची भिंत, शेजाऱ्याची शिंक आपल्या ताटात, पाण्याला रांग. त्याचे पैसे भरून लोक कर्जतला जातात म्हणजे कमाल आहे.

पिशवीत माणूस कसा झोपतो ते काही मला कळलं नाही. तुझ्या आजीच्या लुगड्यांची गोधडी पाठवतेय, तीत झोप. मोठं डेचकं पाठवलंय. चाळीस माणसांचा भात होतो, तुम्ही किती आहात ते तू लिहिलं नाहीस, पण कमी पडायला नको. बुडाला मंडळाचं नाव आहे, चुलीवर चढलं की काजळीत दिसणार नाही. सुतळी, सेफ्टी पिना, मेणबत्त्या, पोट बिघडलं तर ओवा. सुकटीची चटणी बरणीत घट्ट बसवलीय, तुझ्या त्या मेघनालाही दे. डोक्याला बांधायची बॅटरी आमच्याकडे नाही, डोकं आहे तेवढं वापर.

आता ताडपत्री. कोरी मंडळाकडे नाही. आमचं काहीच कोरं नसतं. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या गर्दीत आलेल्यांना जेवण वाढताना कुणाची सतरंजी कुणाकडे जाईल सांगता येत नाही, म्हणून सगळ्यावर नाव घालून ठेवलंय. पण तू काळजी करू नकोस. जी पाठवलीय ती मधोमध जरा विरली होती, म्हणून मोठं ठिगळ लावलंय. आमच्या दारावरच्या जुन्या पडद्याचं, पिवळ्या फुलांचं. दाभणानं शिवलंय, पक्कं आहे. फोटो चांगले येतील.

पाण्यात उतरू नकोस.

तुझी आत्या,
कांता

—

माटुंगा,
२५ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

जय भीम. कॅम्प छान झाला. थंडी मजबूत होती, तुझी गोधडी नसती तर मी काही परत आले नसते. झोपायच्या पिशवीवाले रात्रभर चेन उघड-बंद करत होते. डेचकं बघून सगळ्यांची हसून पुरेवाट झाली, पण मग त्यातच सगळी भांडी भरून धरणावर धुवायला नेली. चटणी सगळ्यांना आवडली, बरणी रिकामी झाली.

ताडपत्री फार उपयोगी पडली. सगळा वेळ आम्ही तिच्यावरच होतो. ठिगळाचंही कौतुक झालं, मेघना म्हणाली, असं मुद्दाम करून विकतात हल्ली. माझं पोट जरा बिघडलं होतं, त्यामुळे मी फार हिंडले नाही, एवढंच.

सामान दादाबरोबर लगेच पाठवायचं होतं, पण ताडपत्रीला चिखल लागलाय. धुऊन, वाळवून या आठवड्यात नक्की पाठवते. ऑफिसात कामही खूप आहे.

तुझी,
प्रिती

—

नायगाव,
२८ नोव्हेंबर

चि. प्रिती,

जय भीम. ताडपत्री चिखलासकट पाठवलीस तरी चालेल, आम्हाला चिखलाचं काही वाटत नाही. पण आता तिची वाट बघणारी मी एकटी नाही, म्हणून लिहितेय.

काल आमच्या अध्यक्षा शांताबाई आल्या होत्या, नातीचा फोन घेऊन. नात मनाली, शाळेत तुझ्या मागच्या वर्गात होती, तुला आठवत असेल. तिच्या फोनवर तुमचा कॅम्पचा फोटो आला. सगळी मंडळी हसताहेत आणि तू मधोमध पिवळ्या फुलांवर बसलीयस. शांताबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि मला विचारलं, "कांता, हा पडदा तुझ्या दारावरचा ना?" मी हो म्हटलं. "आणि ही जागा कुठली गं, जिथं तो लावलायस?"

पोरी, मला खोटं बोलता आलं असतं. तुला लिहिलं तसं, विरली होती म्हणून सांगता आलं असतं. पण ती ताडपत्री आणली तेव्हा "जय भीम" आणि मंडळाचं नाव काढायला मी आणि शांताबाई गुडघ्यावर बसलो होतो. आखून त्यांनी दिलं, निळा रंग मी भरला. त्यांच्यापुढे काय सांगणार? मी म्हटलं, मीच झाकलं.

तू मला झाक म्हणाली नव्हतीस. तू फक्त कोरी मागितलीस, पुढचं मी ओळखलं. मला वाटलं, पोर चार लोकांत जातेय, तिला कशाला अडचण. शांताबाईंना मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांचं नाव आपल्याला अडचण कधीपासून व्हायला लागलं, कांता?" त्या गेल्यावर मी दाभण डब्यात ठेवलं आणि तो डबाच मला बघवेना. इतकी वर्षं मंडळात आहे, अशी मान खाली गेली नव्हती.

रविवारी चार वाजता हॉलवर मंडळाची सभा आहे. सामान माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते ठरणार आहे. तू ये असं मी म्हणत नाही. ताडपत्री मात्र पाठव. ठिगळ काढू नकोस, आहे तशीच पाठव.

कांता

—

माटुंगा,
२९ नोव्हेंबर

आत्या,

ताडपत्री, डेचकं, गोधडी, सगळं दादाबरोबर देतेय. चटणीची बरणीही आहे, भरलेली. मी ती कॅम्पला नेलीच नव्हती. वास येईल म्हणून कपाटात ठेवून गेले होते. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. पोटाचंही खोटं होतं.

ठिगळ बघितल्याबरोबर मला कळलं होतं. ताडपत्री तिथं विरलेली नव्हती, हे दिसत होतं. तू माझ्या मनातलं वाचलंस म्हणून मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला हायसं वाटलं.

तुझी शिवण पक्की होती. संध्याकाळी मेघनानं घडीची खुर्ची ओढली, खुर्चीच्या पायात ठिगळाचा कोपरा अडकला आणि थोडं उसवलं. खालून निळा "ज" दिसायला लागला. मी पटकन जाऊन त्यावर बसले. मग उठलेच नाही. सगळे पाण्याकडे गेले, मी गेले नाही. शेकोटीजवळ बोलावलं, गेले नाही. पोट दुखतंय म्हणाले. मेघनानं ताट जागेवर आणून दिलं, ते मी तिथंच बसून जेवले. आत्या, मी त्या नावावर बसून जेवले.

इथं कुणी मला कधी काही बोललेलं नाही. बोललं असतं तर निदान मला कारण तरी मिळालं असतं. डबा खाताना रिझर्वेशनवरून गप्पा सुरू होतात तेव्हा मी पाणी आणायला उठते. कुठली म्हणून विचारलं तर दादरची म्हणते. आडनाव कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही. एवढंच. इतकं थोडं की त्यात काही चूक आहे असं वाटतही नाही.

सकाळी घडी घालताना मेघनानं तो कोपरा उचलला आणि आतलं सगळं वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "डोन्ट वरी, मी कुणाला सांगणार नाही." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. एखादीच्या ड्रेसला मागे डाग पडलेला दिसला की दुसरी कानात सांगते ना, तसं तिनं सांगितलं. आणि मी काय म्हणाले असेन? "थँक्स" म्हणाले.

त्या शब्दामुळेच ताडपत्री धुवायला म्हणून ठेवून घेतली होती. ती परत दिली की तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

मी रविवारी येते. सगळ्यांसमोर सांगते की ते ठिगळ माझ्यासाठी होतं. माझ्यासाठी तुला खाली मान घालायला लागू नये. नक्की येते.

प्रिती

—

नायगाव,
१ डिसेंबर

चि. प्रिती,

तू आली नाहीस.

मी माझ्या शेजारची खुर्ची पिशवी ठेवून अडवून ठेवली होती. वंदना झाली, मागच्या सभेचं वाचून झालं, तरी पिशवी तिथंच. शांताबाईंनी विचारलं, "पोरगी येणार होती ना?" मी म्हटलं, ऐनवेळी ऑफिसनं बोलावलं तिला. पण राजा म्हणतो, तू निघाल्याचा त्याला फोन केला होतास. मग कुठं राहिलीस, ते तुझं तुला माहीत.

ताडपत्री हॉलमध्ये पसरली आणि ठिगळ मीच उसवलं, सगळ्यांदेखत. अक्षरं शाबूत आहेत. दाभणाची भोकं मात्र चारी बाजूंनी राहिली. मनालीनं बाटलीतलं पाणी ओतून बघितलं, गळतं. मांडवावर घालायला आता ती नाही चालणार, खाली अंथरू. ओरडलं कुणी नाही. ओरडल्या असत्या तर मीही दोन शब्द बोलले असते. सगळ्या माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशा बघत होत्या.

सामान आज सकाळी शांताबाईंकडे गेलं. राजा म्हणाला, बरं झालं, पाय पसरता येतील. खोली खरंच मोठी दिसतेय. मला त्या मोकळ्या भिंतीकडे बघवत नाही.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. तू लाजतेस म्हणून नाही. मीही लाजलेच की, तुझ्या आधी लाजले, तू मागायच्या आत दोरा ओवला. राग याचा, की येते म्हणालीस आणि मला तिथं एकटी बसवलीस. "ऑफिसनं बोलावलं" हे मी तुझ्यासाठी लावलेलं दुसरं ठिगळ. तिसरं लावणार नाही. माझे डोळे गेले आता.

कांता

—

माटुंगा,
३ डिसेंबर

मंडळाच्या अध्यक्षा शांताबाई आणि सर्व जणींना जय भीम.

मी कांताआत्याची भाची. हे पत्र सभेत वाचावं अशी विनंती आहे. माझ्या तोंडून सांगायचं होतं, ते जमलं नाही.

रविवारी मी आले होते. हॉलच्या दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभी होते. आत वंदना चालू होती, मला सगळी पाठ आहे, ओठ हलत होते. मी चपला काढल्या. मग शांताबाईंनी माझं विचारलं ते ऐकू आलं, आणि आत्या म्हणाली, ऑफिसनं बोलावलं. तेही ऐकलं. तेव्हाच आत यायला हवं होतं, तिचं वाक्य संपायच्या आत. मी चपला पुन्हा घातल्या आणि निघून गेले. आत्या खोटं बोलली ती माझी अब्रू वाचवायला, आणि मी ती वाचवून घेतली.

ताडपत्रीवरचं नाव झाकलं गेलं ते माझ्यासाठी. कोरी हवी असं मी लिहिलं होतं. का हवी ते लिहायची मला गरज पडली नाही, यातच सगळं आलं. कॅम्पवर नाव उघडं पडायला लागलं तेव्हा मी त्यावर बसून राहिले. ज्या मैत्रिणीला ते दिसलं, ती कुणाला सांगणार नाही म्हणाली आणि मी तिचे आभार मानले.

आज जेवायच्या सुट्टीत पुढच्या कॅम्पचं बोलणं निघालं. मेघना म्हणाली, ताडपत्री काय, प्रितीकडची आहेच. मी म्हटलं, "ती माझी नाही, आमच्या मंडळाची आहे. नायगावच्या बीडीडीतल्या बौद्ध बायकांचं मंडळ. तिच्यावर मोठ्या अक्षरात जय भीम लिहिलंय आणि मी ते झाकून आणलं होतं." मला वाटलं होतं असं बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. एकानं फोन काढला, एक जण म्हणाला, अगं मग त्यात काय, आणि विषय बदलला. मेघना लाल झाली. मी पुढे काय बोलले ते धड आठवत नाही. डबा तसाच परत आणला.

सामान आत्याकडे परत द्या असं सांगायचा मला अधिकार नाही. पण सभेच्या इतिवृत्तात तिचं नाव लिहिलं असेल, तर माझंही लिहावं. सहा तारखेला मी येते. मागे भांडी घासायला बसेन. पुढे उभं राहून लोकांना वाढायचं मला तोंड नाही.

हे पत्र राजादादाकडे न देता शांताबाईंच्या घरी स्वतः आणून देतेय.

प्रिती बाबुराव गमरे

—

नायगाव,
५ डिसेंबर

चि. प्रिती,

जय भीम. शांताबाईंकडे येताना माझ्या दारावरून गेलीस आणि आत आली नाहीस. मी दाराआडून बघत होते. हाक मारणार होते, पण म्हटलं नको, आधी द्यायचं ते देऊन येऊ दे. आलीस तशीच गेलीस.

काल तयारीला सगळ्या जमल्या तेव्हा पत्र वाचलं. ऑफिसनं बोलावलं हे खोटं होतं ते आता सगळ्यांना कळलं, त्यामुळे मी झाकणारी तर होतेच, आता खोटारडीही झाले. कानाचं मशीन काढून ठेवावंसं वाटत होतं. पण ऐकलं शेवटपर्यंत. चपला पुन्हा घातल्यास ते वाचलं तेव्हा कुणीच कुणाकडे बघितलं नाही. मला वाटतं, तिथं बसलेल्या पुष्कळ जणींनी कुठं ना कुठं चपला पुन्हा घातल्या असतील.

शांताबाईंनी तुझं नाव लिहून घ्यायला सांगितलं. माझ्या नावाखाली लिहिलंय, आडनावासकट. सामान त्यांच्याकडेच राहणार आहे. मी मागितलं नाही, तूही मागू नकोस.

मग भांड्यांचा विषय निघाला. मागे हात कमीच असतात, मला वाटलं होतं, तुला देऊन टाकतील ते काम. शांताबाई म्हणाल्या, "नको. मागे बसायला तिला आवडेलच. तिला पुढे उभी करा, वाढायला. रांगेतल्या एकेकाला तिचं तोंड दिसू दे." मलाही तेच वाटत होतं, पण आत्या म्हणून बोलता आलं नसतं.

तेव्हा उद्या उजाडायच्या आत ये. माझी एक पांढरी साडी इस्त्री करून ठेवलीय, आधी घरी येऊन ती नेस. पुढे तू उभी राहा. मागे भांड्यांपाशी मी आहेच.

आत्या